बिदर ते कलबुर्गी : आभाळातले ८७ किलोमीटर

कर्नाटकाच्या अगदी उत्तर टोकाला, महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या सीमांना खेटून दोन जिल्हे आहेत. एक बिदर, दुसरा कलबुर्गी, म्हणजे सीमेअलीकडच्या आपल्या माणसांच्या तोंडात अजूनही गुलबर्गा. दोन्ही ठिकाणी आज विमानतळ आहे, आणि तेही अवघ्या अडीच महिन्यांच्या अंतरानं सुरू झालेले. कलबुर्गीचा २२ नोव्हेंबर २०१९ ला, बिदरचा ७ फेब्रुवारी २०२० ला. तेव्हा प्रश्न साहजिक आहे. या दोन शेजाऱ्यांमध्ये विमानाच्या वाटेनं अंतर किती, आणि वेळ किती लागेल?

अंतर आणि वेग हातात असले की शाळकरी पोरगंही उत्तर देईल. अंतर ८७ किलोमीटर, जेट विमानाचा वेग ताशी आठशेच्या आसपास, म्हणजे साडेसहा मिनिटं. अंकगणित बिनचूक आहे. पण साडेसहा मिनिटांत बिदरहून कलबुर्गीला पोचलेलं प्रवासी विमान कुणी पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. हे गणित कुठे फसतं ते पाहण्यासारखं आहे, कारण त्यात विमान कसं उडतं हे तर कळतंच, शिवाय या भागातले विमानतळ अधूनमधून ओस का पडतात हेही कळतं.

आधी ८७ हा आकडा आला कुठून ते पाहू. तो तुम्हाला घरबसल्या काढता येतो. बिदरचा विमानतळ आहे १७ अंश ५४ मिनिटं उत्तर अक्षांशावर आणि ७७ अंश २९ मिनिटं पूर्व रेखांशावर. कलबुर्गीचा, म्हणजे शहराच्या पूर्वेला श्रीनिवास सरडगी गावाजवळचा, आहे १७ अंश १८ मिनिटं आणि ७६ अंश ५७ मिनिटांच्या आसपास. अक्षांशातला फरक ३६ मिनिटांचा. दर्यावर्दी आणि वैमानिक ज्याला सागरी मैल म्हणतात तो मुळात अक्षांशाचं एक मिनिट, म्हणजे १.८५२ किलोमीटर. म्हणून कलबुर्गी बिदरच्या ३६ सागरी मैल दक्षिणेला. रेखांशातला फरक ३२ मिनिटांचा, पण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना जवळ येतात. आपल्या या पट्ट्यात त्यांच्यातलं अंतर विषुववृत्तावरच्या अंतराच्या शेकडा ९५ च भरतं. म्हणजे साधारण ३० सागरी मैल पश्चिमेला. आता काटकोन त्रिकोण मांडा : ३६ चा वर्ग १२९६, ३० चा वर्ग ९००, बेरीज २१९६, वर्गमूळ ४७ ला जरा कमी. सत्तेचाळीस सागरी मैल म्हणजे ८७ किलोमीटर. पृथ्वी गोल आहे ही गोष्ट एवढ्या छोट्या अंतरात विसरली तरी चालते. फरक पडतो तो मीटरांत.

दोनशे वर्षांपूर्वी हाच हिशेब मांडायला माणसांची आयुष्यं गेली, आणि त्यातला एक मोठा अंक बिदरच्याच माळावर घडला. १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्ब्टननं एक आधाररेषा मोजून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली. आधाररेषा म्हणजे जमिनीवर साखळी टाकून प्रत्यक्ष मोजलेली काही मैलांची सरळ रेषा. पुढचं सारं काम कोनांचं. एका बाजूची लांबी माहीत असेल तर दोन कोन मोजून त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू काढता येतात, आणि त्या बाजूवर पुढचा त्रिकोण रचता येतो. असे त्रिकोण जोडत लॅम्ब्टन कन्याकुमारीपासून उत्तरेला सरकला. १८१५ मध्ये त्यानं बिदरजवळ नवी आधाररेषा मोजली. दामरगिड्डा हे तिथलं ठाणं, अक्षांश १८ अंश ३ मिनिटं १५ सेकंद. उन्हानं साखळी लांबते, म्हणून ती तंबूच्या सावलीत ठेवायची, शेजारी तापमापक मांडायचे आणि पाऱ्याप्रमाणे लांबीत दुरुस्ती करायची. हा माणूस पुढे नागपूरच्या वाटेवर असताना १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथे आहे. काम पुढे नेलं जॉर्ज एव्हरेस्टनं, ज्याचं नाव हिमालयातल्या शिखराला मिळालं. १८४१ मध्ये बिदरची आधाररेषा सुधारलेल्या उपकरणांनी पुन्हा मोजण्यात आली. उत्तरेकडून शेकडो मैलांचे त्रिकोण जोडत आलेली लांबी आणि जमिनीवर मोजलेली लांबी यांत फरक निघाला तो इंचांचा. भारताचा नकाशा ज्या मोजक्या रेषांवर उभा आहे त्यांतली एक बिदरची आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. शाळेच्या पुस्तकात एव्हरेस्ट येतो, लॅम्ब्टन येत नाही आणि दामरगिड्डा तर नाहीच.

अंतर इतकं काटेकोर झालं, पण माणसाला अंतर कधी मैलांत कळत नाही, दिवसांत कळतं. १४७० च्या आसपास अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला, जुन्नरला पावसाळा काढला आणि तिथून महिनाभर चालत बिदरला पोचला. तेव्हा बिदर बहमनी सुलतानांची राजधानी होती आणि महमूद गवान तिथला सर्वशक्तिमान वजीर. बहमनींची पहिली राजधानी गुलबर्गा. पंधराव्या शतकात अहमदशहा वलीनं ती बिदरला हलवली. म्हणजे आपली ही दोन ठिकाणं एका राज्याच्या जुन्या-नव्या राजधान्या. निकितीननं आपल्या टिपणांत या वाटेचाही हिशेब लिहून ठेवला आहे : बिदरहून एका मधल्या गावापर्यंत पाच दिवस आणि तिथून गुलबर्ग्यापर्यंत आणखी पाच. दहा दिवस! मधलं गाव सरळ वाटेवर नसावं, हे उघड आहे, नाहीतर लादलेला बैलसुद्धा एवढा वेळ लावणार नाही. पण व्यापारी माणूस सरळ रेषेत चालत नाही, बाजारपेठांच्या रेषेत चालतो.

आजचा रस्ता साधारण ११५ किलोमीटरचा. नांदेड-उदगीरहून येणारा राष्ट्रीय महामार्ग ५० बिदरमधून हुमनाबादला जातो, तिथे पुणे-सोलापूर-हैदराबाद महामार्ग ओलांडतो आणि कमलापूरवरून कलबुर्गीत उतरतो. उतरतो हे शब्दशः खरं आहे. बिदर लाल जांभ्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरहून जास्त उंचीवर. कलबुर्गी त्याच्या दीड-दोनशे मीटर खाली, काळ्या जमिनीत आणि तुरीच्या शिवारात. पठाराची ही कड रेल्वेला चांगलीच नडली. बिदर-कलबुर्गी लोहमार्ग ११० किलोमीटरचा, त्यात मरगुत्तीजवळ बोगदा खणावा लागला, आणि वर्षानुवर्षं रखडत तो एकदाचा २९ ऑक्टोबर २०१७ ला खुला झाला. त्याआधी बिदरहून कलबुर्गीला रेल्वेनं जायचं तर विकाराबाद आणि वाडी करत दोनशे किलोमीटरहून मोठा वळसा पडे. मुंबईहून रायचूरकडे जाणारी गाडी कलबुर्गीवरून १८७१ पासून धावते आहे. शेजारच्या बिदरशी तिची थेट गाठ पडायला जवळजवळ दीडशे वर्षं लागली.

आता विमानात बसू. हिशेबापुरतं सत्तर आसनांचं, दोन पंख्यांचं एटीआर घेऊ. बिदरहून पहिलं प्रवासी विमान उडालं तेही याच जातीचं होतं. बिदरहून कलबुर्गीची दिशा २२० अंश, म्हणजे नैर्ऋत्य. आकाशात उंचीचा एक साधा नियम असतो : पूर्वार्धाकडे जाणाऱ्यांनी विषम हजार फुटांवर उडायचं, पश्चिमार्धाकडे जाणाऱ्यांनी सम हजारांवर. समोरासमोर येणारी दोन विमानं एका पातळीवर येऊ नयेत म्हणून. आपण नैर्ऋत्येला चाललोय, तेव्हा ८,००० फूट घेऊ. बिदरची धावपट्टीच सुमारे २,२०० फुटांवर आहे, म्हणजे चढायचं ५,८०० फूट. मिनिटाला हजार-बाराशे फूट चढणाऱ्या विमानाला पाच मिनिटं लागतील आणि तेवढ्यात ते १४ सागरी मैल पुढे गेलेलं असेल. उतरण्याचा वैमानिकांचा ठोकताळा असा की हजार फूट खाली यायला तीन सागरी मैल लागतात. कलबुर्गीला साडेसहा हजार फूट उतरायचं, म्हणजे २० सागरी मैल आधीच नाक खाली करावं लागेल. सत्तेचाळीसमधून चौदा आणि वीस गेले, उरले तेरा. म्हणजे सरळ पातळीवरचं उड्डाण जेमतेम चार मिनिटांचं. पट्टे बांधायची खूण विझते न विझते तोच पुन्हा पेटायची. चहा विसरा.

मग एटीआरऐवजी जेट घेतलं तर? फारसं काही बदलत नाही, आणि साडेसहा मिनिटांचं गणित फसतं ते इथेच. दहा हजार फुटांच्या खाली विमानांना वेगाची मर्यादा असते, २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटर. खालच्या हवेत छोटी विमानं असतात, पक्षी असतात, वळणं असतात, म्हणून हा लगाम. ज्या उंचीवर जेट आपला ताशी आठशेचा वेग दाखवतं ती उंची तीस-पस्तीस हजार फुटांची. तिथवर चढायला आणि उतरायलाच दोनशेहून अधिक किलोमीटर लागतात. ८७ किलोमीटरच्या वाटेवर जेट हे चौथ्या गियरला कधीच न पोचणाऱ्या मोटारीसारखं आहे. या वाटेवर तो वेग खरोखर दाखवू शकतील अशी विमानं बिदरलाच आहेत, पण ती हवाई दलाची. लढाऊ वैमानिकांना तयार करणारी हॉक विमानं तिथे २००८ पासून आहेत आणि ‘सूर्यकिरण’ या कवायती पथकाचं तर बिदर हे १९९६ पासूनचं घर. त्यांना तिकीट नसतं.

उड्डाणाची वेळ अजून संपलेली नाही. कलबुर्गीच्या धावपट्टीचं नाव ०९/२७. धावपट्टीचे आकडे म्हणजे तिची होकायंत्रातली दिशा, शेवटचं शून्य गाळून : ०९ म्हणजे ९० अंश, पूर्व, २७ म्हणजे २७० अंश, पश्चिम. विमानानं शक्यतो वारा तोंडावर घेऊन उतरायचं असतं. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा, तेव्हा पूर्वेकडून येऊन २७ वर उतरायचं. बिदरहून येणाऱ्याला हे सोयीचं, उजवीकडे पन्नास अंशांचं वळण घेतलं की धावपट्टी समोर. वारा पूर्वेचा असेल तर मात्र धावपट्टी ओलांडून शहराच्या अंगाला जायचं, मागे वळायचं आणि मग ०९ वर यायचं. तीन-चार मिनिटं इथेच जातात. पण पावसाळ्यातला तोच सोयीचा वारा वाटेत आडवा येतो. सरासरी २०० नॉटनं चाललेल्या विमानाला २५ नॉटचा वारा नाकावर बसला तर ४७ सागरी मैलांना सोळा मिनिटं लागतील. परतताना वारा पाठीशी, तेव्हा साडेबारा. जाण्यायेण्याचं अंतर एकच असलं तरी वेळ एक नसतो, म्हणून वेळापत्रकात जातानाचे आणि येतानाचे आकडे अनेकदा वेगळे दिसतात.

उन्हाळ्याची गोष्ट आणखी निराळी. मे महिन्यात कलबुर्गीचा पारा बेचाळीसच्या वर जातो. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचलायला आणि इंजिनाला ओढायला कमी हवा मिळते, त्यामुळे विमानाला जमीन सोडण्याआधी जास्त लांब धावावं लागतं. कलबुर्गीची धावपट्टी ३,१७५ मीटरची आहे, बंगळूरनंतर राज्यातल्या सर्वांत लांब पट्ट्यांपैकी एक, त्यामुळे तिथे याची चिंता नाही. आखूड पट्टीवर अशा दुपारी काही आसनं रिकामी ठेवायची वेळ येते.

सगळं जुळवलं तर हवेतला वेळ वीस मिनिटांच्या आसपास येतो. पण विमान कंपनी तिकिटावर छापते तो वेळ हा नव्हे. ती मोजते चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा ठोकळे लावेपर्यंत, त्यात धावपट्टीच्या टोकापर्यंतचं रांगणं आलं, परवानगीसाठी थांबणं आलं, उतरल्यावर टर्मिनलपर्यंत येणं आलं. म्हणजे छापील वेळ तीस-पस्तीस मिनिटं. आणि प्रवासी मोजतो तो आणखी तिसराच, उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत. घरून विमानतळ गाठायला वीस मिनिटं, तिथे तासभर आधी हजेरी, पस्तीस मिनिटं विमान, पंधरा-वीस मिनिटं सामान, आणि श्रीनिवास सरडगीहून कलबुर्गी गावात यायला चौदा किलोमीटरची रिक्षा किंवा टॅक्सी. बेरीज पावणेतीन तासांच्या घरात जाते. तेवढ्यात मोटार हुमनाबादला चहा घेऊनही कलबुर्गीत पोचलेली असते, आणि लाल बसही फार मागे नसते.

मग एवढ्या जवळच्या ठिकाणांमध्ये विमानं जगात कुठेच उडत नाहीत का? उडतात. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधली विमानफेरी जगातली सर्वांत छोटी नियमित फेरी मानली जाते. अंतर २.७ किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटं, आणि वारा पाठीशी असताना नोंदवलेला विक्रम ५३ सेकंदांचा. आठ-दहा माणसांचं आयलंडर विमान १९६७ पासून हे काम करतं आहे. तिथे हे परवडतं, कारण मध्ये थंडगार, खवळलेला समुद्र आहे आणि पलीकडे शाळा, डॉक्टर, बँक आहे. कॅनडाच्या उत्तरेला नुनावुत प्रदेशात पंचवीस वस्त्या आहेत आणि त्यांतल्या एकीलाही दुसरीशी जोडणारा रस्ता नाही. बर्फ वितळल्यावर थोडे दिवस जहाज, एरवी विमानच. अशा ठिकाणी कुणी उड्डाणाची वेळ विचारली की ती रस्त्याच्या वेळेशी ताडायचा प्रश्नच येत नाही. उलट टोकाला फ्रान्स. ज्या शहरांमध्ये आगगाडी अडीच तासांच्या आत पोचवते, तिथली देशांतर्गत विमानं त्या देशानं २०२३ मध्ये कायद्यानं बंद केली. पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून बोर्दो, नांत आणि लियाँला जाणाऱ्या फेऱ्या त्यात गेल्या. बिदर आणि कलबुर्गीच्या मध्ये ना समुद्र, ना बर्फ. मध्ये आहे हुमनाबाद, आणि तिथे माणिकप्रभूंचं माणिकनगर. दर्शन घेऊन पुढे जाणारी माणसं या वाटेवर विमानापेक्षा नक्कीच जास्त.

आपल्या सरकारनंही हे ओळखलं होतं. २०१६ ला आखलेल्या उडान योजनेत छोट्या गावांच्या विमानसेवेला पहिली तीन वर्षं तूट भरून देण्याची तरतूद होती आणि तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपयांच्या तिकिटाची मर्यादा. पण त्या मूळ धोरणात अंतराची अटही होती : २०० ते ८०० किलोमीटर. खालची मर्यादा फक्त डोंगराळ, दुर्गम, बेटांच्या आणि सुरक्षेच्या दृष्टीनं नाजूक भागांना माफ. सपाट पठारावरच्या ८७ किलोमीटरना त्यात जागा नव्हती आणि माझ्या मते नसावीच.

आता या सरळ रेषेतल्या अंतराचा खरा पराक्रम सांगतो. प्रवाशाला ते उपयोगाचं नसलं तरी करारातल्या कलमाला ते भलतंच उपयोगी पडतं. हैदराबादचा शमशाबाद विमानतळ मार्च २००८ मध्ये सुरू झाला. तो बांधणाऱ्या खासगी कंपनीशी झालेल्या करारात असं कलम होतं की त्याच्यापासून १५० किलोमीटर हवाई अंतराच्या आत दुसरा नागरी विमानतळ ठराविक वर्षांपर्यंत उभा राहू द्यायचा नाही. कोट्यवधी रुपये गुंतवणाऱ्याला प्रवासी पळण्याची भीती असते, हे समजण्यासारखं आहे. आता वर केलं तसंच गणित करा. शमशाबाद ते बिदर सरळ रेषेत येतं सुमारे १२५ किलोमीटर. शमशाबाद ते कलबुर्गी, सुमारे १५६. वर्तुळाची रेघ नेमकी या दोन जिल्ह्यांच्या मधून जाते! बिदर आत, कलबुर्गी सहा किलोमीटरनं बाहेर.

बिदरला धावपट्टी होतीच. हवाई दलाचं वैमानिक प्रशिक्षण तिथे १९६३ पासून चालतं, आणि त्याहून मागे जायचं तर सप्टेंबर १९४८ च्या हैदराबादच्या पोलिस कारवाईत भारतीय हवाई दलानं निजामाच्या ज्या धावपट्ट्यांवर हल्ले केले त्यांत बिदरची होती. लष्करी धावपट्टीच्या कडेला नागरी टर्मिनल बांधून वर्षानुवर्षं कुलूप लावून ठेवलेलं होतं. हैदराबादच्या विमानतळ कंपनीची संमती मिळेपर्यंत दार उघडलं नाही. कलबुर्गीला वर्तुळाची अडचण नव्हती, तरी तिथेही काही लवकर झालं नाही. १४ जून २००८ ला पायाभरणी झाली, खासगी भागीदारीतून काम रखडलं, राज्य सरकारनं ते परत घेतलं आणि २६ ऑगस्ट २०१८ ला पहिलं चाचणी विमान उतरलं. एकाला करारानं अडवलं, दुसऱ्याला ठेकेदारीनं. दोघांचीही एका तपाच्या आसपास वर्षं गेली आणि शेवटी दोघं जवळजवळ एकाच वेळी उघडले. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत टाळेबंदी आली, ती वेगळीच.

सुरू झाल्यावरची कथाही सरळ नाही. बिदरला पहिली विमानं ट्रूजेटची, ती कंपनी २०२२ मध्ये थांबली. त्याच वर्षी स्टार एअर आली, मग तिचीही सेवा खंडित झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये बंगळूरचं विमान पुन्हा सुरू झालं. कारण शोधायला लांब जायला नको. बिदरच्या माणसासमोर १२५ किलोमीटरवर हैदराबाद आहे, तिथून पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत बंगळूर, मुंबई, दिल्ली, दुबई सगळीकडे विमानं आहेत. बिदरहून दिवसात एखादं, तेही हवाई दलाच्या सवडीनं, कारण धावपट्टी त्यांची. ज्याची बैठक लवकर संपली किंवा लांबली त्याला दुसरं विमान नाही. विमानतळ जवळ असणं आणि विमान जवळ असणं यांत हा फरक आहे.

तरीही हे विमानतळ निरर्थक आहेत असं मी म्हणणार नाही. बंगळूरचं अंतर पाहा. कलबुर्गीहून सरळ रेषेत सुमारे ४६५ किलोमीटर, बिदरहून सुमारे ५२५. विमानाला सव्वा तास, आगगाडीला पूर्ण रात्र. न्यायालय, मंत्रालय, मोठं रुग्णालय, मुलांची नोकरी, सगळं त्या टोकाला. इथे मात्र वर मांडलेलं उंबऱ्याचं गणित उलटतं. ज्या तासभराच्या हजेरीनं ८७ किलोमीटरना बुडवलं तीच इथे नगण्य ठरते. गंमत म्हणून सांगतो, बिदरहून कलबुर्गीला विमानानंच जायचा कुणी हट्ट धरला आणि बंगळूरमार्गे तिकिटं काढली, तर ८७ किलोमीटरसाठी जवळजवळ हजार किलोमीटर उडणं होईल. निकितीनच्या मधल्या गावाला आपण नावं ठेवायला नकोत.

सीमेअलीकडच्या वाचकांनाही या दोन धावपट्ट्यांचं अंतर माहीत असलेलं बरं. औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या तालुक्यांत मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांना तर हे घरचेच विमानतळ. पण उदगीरच्या माणसालाही नांदेडपेक्षा बिदर जवळ आहे. उमरग्याहून कलबुर्गी आणि सोलापूर जवळपास सारख्याच अंतरावर. सोलापूरहून ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं तेव्हापासून त्या बाजूचं पारडंही हललं आहे. गाणगापूरला दत्ताच्या दर्शनाला लांबून येणाऱ्यांनाही कलबुर्गीचा विमानतळ सोयीचा, जर त्यांच्या गावाहून विमान असेल तर. तो ‘जर’ मोठा आहे.

तेव्हा बिदरहून कलबुर्गीला जायचं असेल तर हुमनाबादची बस धरा किंवा आगगाडीची वेळ पाहा. बंगळूरला किंवा त्यापलीकडे जायचं असेल तर आधी आपल्या गावाजवळच्या धावपट्टीवरून त्या आठवड्यात विमान उडतंय का ते तपासा, कारण इथली वेळापत्रकं दर हंगामाला बदलतात. आणि उडत असेल तर हैदराबाद गाठण्याआधी त्यातलं एखादं तिकीट काढा. प्रवासी मिळाले नाहीत तर तेही विमान उद्या नसेल.